लिलावाच्या गाडीचा फॉर्म

ती गाडी आमची नव्हती, हे आधी सांगून टाकते. माझे वडील ती चालवायचे. पण सातपूरच्या आमच्या गल्लीत सगळे "तुमची गाडी" असंच म्हणायचे, आणि आम्ही कुणी ते कधी दुरुस्त केलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते मूळचे नांदगावकडचे, सातवीपर्यंत शिकलेले. नाशिकला आले ते टेम्पो चालवायला. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांना साहेबांकडे नोकरी लागली. साहेब बरीच वर्षं सिंगापूरला होते. परत येऊन त्यांनी अंबडला छोटा कारखाना काढला आणि येताना आपली गाडी बोटीतून सोबत आणली. जपानी, चार दरवाज्यांची, राखाडी. दिसायला इतकी साधी की एखाद्या बँक मॅनेजरची वाटावी. पण बॉनेटखाली टर्बोचं इंजिन होतं आणि चारही चाकांना ताकद जायची. जपानच्या कंपनीने अशा गाड्या शर्यतीत उतरता यावं म्हणून मोजक्याच बनवल्या होत्या, असं साहेब सांगायचे. नाशिकमध्ये दुसरी तशी नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिचं नाव 'जपानीण' ठेवलं होतं. रविवारी दादा उशिरा घरी आले की शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "काय हो, आज जपानीण न्हाली वाटतं?"

आई म्हणायची, "तिचंच न्हाणं आधी. माझ्या बादलीभर पाण्याला मात्र यांचे हात दुखतात."

दादांनी त्या गाडीचं सगळं साहेबांकडून शिकून घेतलं होतं. लांबून पळवून आणली की लगेच किल्ली फिरवायची नाही, दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं. टर्बो तापलेला असतो म्हणून. दादा त्याला "दम खाऊ देणं" म्हणायचे. मी लहानपणी बंगल्यावर गेले की दादा फाटकाशी गाडीत बसून काहीच न करता दोन मिनिटं थांबलेले दिसायचे. ते मला फार ऐटबाज वाटायचं.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा साहेब गेले. कारखाना आधीच विकला गेला होता. बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मुलीकडे बडोद्याला जायचं ठरवलं. बंगला भाड्याने देणार होत्या. प्रश्न गाडीचा होता. जावयाने मुंबईच्या एका लिलाव करणाऱ्या संस्थेशी बोलून घेतलं. जुनी घड्याळं, चित्रं, मोटारी असं सगळं ते लिलावात काढायचे. त्यांना ही गाडी हवीच होती. त्यांनी चार पानी फॉर्म पाठवला, इंग्रजी, बारीक अक्षरातला. गाडीचा सगळा इतिहास भरून द्या, मग आमचा माणूस येऊन बघेल, असं सोबतच्या पत्रात होतं.

बाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. आणि गाडीचा इतिहास दादांशिवाय कुणाला ठाऊकही नव्हता. बाई म्हणाल्या, "जावई आले की त्यांना भरायला सांगते, तुम्ही फक्त माहिती सांगा."

दादांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "जावईबापूंना कशाला तरास? आमची पोरगी इंजिनेरिंगला हाय. ती भरील."

त्याच वेळी बाईंनी त्यांना एक शब्द दिला. मुंबईला गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, तुम्हीच घेऊन जा. एवढंच. पण दादा त्या दिवशी सायकलवरून घरी आले ते निराळेच होऊन. साहेब गेल्यापासून गाडी बंगल्याच्या आवाराबाहेर फारशी पडली नव्हती. कसाऱ्याच्या घाटातून ती शेवटची आपल्या हाताने उतरवायची, हे त्यांच्या डोक्यात बसलं. आईला म्हणाले, "पांढरा शर्ट काढून ठेव." आई म्हणाली, "अजून तारीख नाही ठरली, आत्तापासून शर्ट?" मला म्हणाले, "तू बी चल. मागं बस मालकिणीसारखी."

फॉर्म दादांनी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता.

इथे मला माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरात इंग्रजीतला कोणताही कागद आला, विजेच्या बिलावरची सूचना असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, तो माझ्या हातात यायचा. गल्लीतलेही आणायचे. मी वाचून सांगायचे. पुष्कळदा अर्धंच कळायचं, बाकीचं मी अंदाजाने जुळवायचे, आणि तो अंदाज बहुतेक बरोबर निघायचा. कॉलेजात मात्र माझी वेगळीच गत होती. सर इंग्रजीत विचारायचे, मला उत्तर यायचं, पण वाक्य तोंडाशी येऊन मोडायचं. मग मी "येस सर" किंवा "नो सर" म्हणून बसायचे. दोन वर्षांत मी एवढं शिकले होते की हो किंवा नाही म्हटलं की पुढचा प्रश्न बहुधा दुसऱ्याला जातो. हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दादा आणि मी फॉर्म घेऊन बसलो. दादा मांडी घालून, डोळे मिटून सांगू लागले. टायर कधी बदलले, कुठल्या दुकानातून. टायमिंगचा पट्टा मुंबईहून कसा मागवला. तेल कुठलं, किती किलोमीटरला. मला आश्चर्य वाटत होतं. ही सगळी वर्षं त्या माणसाच्या डोक्यात महिन्यांसकट होती. "दिवाळीच्या आधी, नाय, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी," असं सांगून ते स्वतःलाच दुरुस्त करायचे. आकडे आणि नावं लिहायला मला अडचण नव्हती. पहिली दोन पानं झरझर भरली.

तिसऱ्या पानावर प्रश्न होता. गाडीला कधी अपघात झाला आहे का, तिचा कोणताही भाग दुरुस्त केला अथवा पुन्हा रंगवला आहे का. पुढे हो किंवा नाही. आणि हो असेल तर तपशील द्या, असं लिहून खाली टिंबटिंबांच्या चार ओळी.

मी मराठीत सांगितलं. दादांनी डोळे उघडले.

"एकदा झालंय. लिही. डाव्या अंगाचा मागचा पत्रा, चाकाच्या वरचा. कारखान्यात मी गाडी मागं घेत व्हतो, तिथं गजांची ट्रॉली उभी व्हती, ती दिसली नाय. माझीच चूक. वीतभर पोचा आला. साहेब बाहेर आले, म्हणाले, माणूस शाबूत हाय ना, मंग झालं. बाई बडोद्याला गेल्या व्हत्या, पोरीच्या बाळंतपणाला. साहेब म्हणाले, त्या यायच्या आत करून घेऊ, उगाच जीवाला घोर. अंबडला डेंटरकडं नेली. त्यानं पत्रा ठोकून सरळ केला, लांबी भरली, रंग मारला. मी तीन दिवस तिथंच बसून व्हतो, कुनी गाडी फिरवू नये म्हनून. समदं लिही."

लांबी म्हणजे पोचा बुजवायला पत्र्यावर थापतात तो लगदा. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. पोचा माहीत नव्हता. डाव्या अंगाचा, चाकाच्या वरचा, मागचा पत्रा हे एका दमात कसं लिहायचं ते माहीत नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर वाक्य करून पाहिलं. खोडलं. परत केलं. ते वाचून मला कॉलेजातल्या मुली हसताना दिसू लागल्या. हा कागद मुंबईला जाणार, तिथले शिकलेले लोक वाचणार. चार ओळी माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हा डिक्शनरी काढता आली असती. सरांना विचारता आलं असतं. दादांना सांगता आलं असतं की मला हे इंग्रजीत लिहिता येत नाही. शेवटचं तर सगळ्यात सोपं होतं. पण फॉर्म समोर आला की मला तो परीक्षेच्या पेपरासारखाच दिसायचा. प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि ज्याला मार्क मिळतील ते उत्तर लिहायचं. अपघात झाला आहे का, याचं चांगलं उत्तर कोणतं ते उघड होतं. मी 'नो' लिहिलं.

"झालं का?" दादांनी विचारलं.

"हो."

"वाच बरं. नीट आलंय ना ते बघू."

दादांना रस्त्यावरच्या पाट्यांमुळे इंग्रजीतला 'नो' ओळखता येत होता. नो पार्किंग, नो एंट्री. म्हणून मी त्या जागेवर तळहात ठेवला. आणि फॉर्मकडे बघत, बोट फिरवत, जे तिथे नव्हतं ते वाचून दाखवलं. डाव्या बाजूचा मागचा पत्रा कारखान्याच्या आवारात ट्रॉलीला लागून चेपला होता, मालकांच्या सांगण्यावरून तो दुरुस्त करून रंगवून घेतला. मी अगदी अडखळत वाचलं, इंग्रजीतून मराठी करतेय असं वाटावं म्हणून.

दादा खूष झाले. आईला हाक मारून म्हणाले, "बघ, मी एवढं पाल्हाळ लावलं, हिनं दोन वाक्यांत बसवलं."

खाली माहिती देणाऱ्याची सही होती. दादांनी मराठीत केली. प्रत्येक अक्षरावर थांबत, जीभ दातात धरून. दुसऱ्या दिवशी बाईंनी मालक म्हणून सही केली. डोळ्याला हिरवी पट्टी होती. दादा म्हणाले, "कुनाकडून वाचून घ्या बाई आधी." बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंय ना? मग वाचायचं काय त्यात?"

हे दादांनी मला घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी तेव्हा भाकरी खात होते. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, साहेबांनी एवढं चांगलं करून घेतलंय, कुणाला दिसणार आहे?

पंधरा दिवसांनी मुंबईचे गृहस्थ आले. शनिवारची सकाळ होती. इंग्रजी बोलावं लागलं तर असू दे, म्हणून दादांनी मला बरोबर नेलं. मी छातीशी फाइल धरून उभी. पण ते गृहस्थ आमच्यासारखंच मराठी बोलत होते, मूळचे साताऱ्याचे निघाले. पन्नाशीचे, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. गाडी पाहून त्यांनी चप्पल काढायचीच बाकी ठेवली होती.

"अहो, काय ठेवलीय! मुंबईत असती तर हिचा डबा झाला असता. खरं सांगा, लग्न लागलंय का तुमचं हिच्याशी?"

"पहिली बायको तीच त्यांची," बाई व्हरांड्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या. "दुसरी सातपूरला असते."

दादा लाजून हसले. त्यांना एवढ्या आनंदात मी क्वचितच पाहिलं होतं.

गृहस्थांनी रुमाल सोडला. आत छोटं लोहचुंबक होतं. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते पुन्हा कापडातच धरून त्यांनी बॉनेटवर ठेवलं. ते चिकटलं नाही. सरळ घसरून खाली आलं. लांबीवर चुंबक बसत नाही, एवढं मला कळत होतं. मला वाटलं, झालं, सापडलं. पण ते म्हणाले, "हं, बरोबर. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे हिचं. वजन कमी करायला. म्हणजे ओरिजिनल." त्यांनी उजवा दरवाजा घेतला, चुंबक टक्कन बसलं. मागचा दरवाजा, बसलं. उजवा मागचा पत्रा, बसलं. छत. ते गाडीभोवती हळूहळू फिरत होते, आणि मी ते कुठवर आले ते मोजत होते.

डाव्या मागच्या चाकाच्या वर, पत्र्यावर चुंबक धरलं आणि सोडलं. ते घसरलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरलं. मग बोटाच्या सांध्याने पत्र्यावर ठोकलं, पुढे ठोकलं तर टणटण, इथे आवाज भरीव. डिक्की उघडून आतलं कापड वर केलं, बॅटरी मारली आणि आत वाकून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या बॅगेतून आमचा भरलेला फॉर्म काढून तिसरं पान उघडलं.

"इथे पत्रा मारलाय. लांबी आहे आत. काम चांगलं केलंय, वाद नाही. पण फॉर्मात तर 'नाही' लिहिलंय."

"लिहिलं आसंल की," दादा म्हणाले. "बघा बरं नीट."

"हे काय, नो." त्यांनी पान दादांपुढे धरलं. "कुणी भरलाय हा?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाचून दाखव, असं म्हणत असल्यासारखं. मी सांगेन कुठेतरी पुढच्या ओळीत आहे म्हणून, अशा खात्रीने. बाईही बघत होत्या. आणि मी म्हणाले, "दादांनी सांगितलं तसं मी लिहिलं."

ते वाक्य मला मोडल्याशिवाय बोलता आलं. एकही शब्द अडखळला नाही.

दादा त्या पानाकडे खूप वेळ बघत राहिले. ते दोन अक्षरांचं उत्तर त्यांना वाचता येत होतं. मग मान न उचलता म्हणाले, "हां. मीच सांगितलं तसं लिहायला. पोरीची चूक नाय."

बाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे गाडी ठोकली होती? कधी? मला कधी बोलला नाहीत?"

"साहेबांना म्हाईत व्हतं बाई."

"साहेब येणार आहेत का आता सांगायला?"

दादा सगळं बोलू शकले असते. ट्रॉली, डेंटर, बाळंतपण, तीन दिवस. पण आधी 'मीच "नो" लिहायला सांगितलं' म्हटल्यावर पुढचं कुणी खरं धरलं नसतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं. ते हातातलं फडकं घडी करत उभे राहिले.

ते गृहस्थच मध्ये पडले. "अहो ताई, एवढ्या वर्षांच्या गाडीला एखादा पत्रा मारलेला असणारच. त्याने काही बिघडत नाही. कागदावर लपवलेलं निघालं की बिघडतं. घेणारा म्हणतो, हे खोटं तर बाकीचं कशावरून खरं? यांनी तेलाच्या, टायरच्या तारखा दिल्यात ना, त्या सगळ्यांवर शंका येते मग." त्यांनी बॅगेतून कोरा फॉर्म काढला. "हे पान नव्याने भरून द्या, म्हणजे प्रश्न मिटला."

फॉर्म माझ्याकडे आला. पेन हातात घेऊन मी बसले आणि पुन्हा त्या चार ओळींवर अडकले. बहुतेक माझा चेहरा त्यांना दिसला.

"मराठीत लिही की," ते म्हणाले. "आमच्याकडे इंग्रजी करायला माणूस आहे. अर्धे फॉर्म मराठी-गुजरातीतच येतात."

दादा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. डाव्या अंगाचा, चाकाच्या वरचा, मागचा पत्रा. तेच शब्द, फक्त आवाज खाली गेलेला. चार ओळी पुरल्या नाहीत, मी समासात लिहिलं. गृहस्थ म्हणाले, "अक्षर सुंदर आहे गं तुझं." मला तोंड कुठे लपवावं कळेना.

ते निघताना बाई त्यांना म्हणाल्या, "गाडी न्यायला तुमचा ट्रक पाठवा. इथून कुणी आणणार नाही." दादा पाच पावलांवर होते. बाईंनी आवाज वाढवलाही नाही आणि कमीही केला नाही.

तपासणीसाठी इंजिन चालू केलेलं होतं. दादा आत जाऊन बसले, दोन मिनिटं थांबले, मग बंद केलं.

घरी येताना सायकल त्यांनी हातातच धरली होती. गंगापूर रोडवरच्या बंगल्यापासून सातपूरपर्यंत आम्ही चालत आलो. मी वाट पाहत होते की ते काहीतरी बोलतील. एखादी शिवी तरी देतील. आयटीआयच्या सिग्नलपाशी त्यांनी विचारलं, "वाचून दाखवलंस ते कुठलं वाचलंस?" मी रडू लागले. ते म्हणाले, "रस्त्यात रडू नको." बस, एवढंच. आईला त्यांनी सांगितलं, ट्रकनं नेणार आहेत, घाटात रिस्क नको म्हणून. आईने शर्ट परत पेटीत ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात विम्याच्या कंपनीचं पत्र आलं. मी घरातच होते, पुस्तकं पसरून बसले होते. दादांनी पाकीट फोडलं, उलटसुलट पाहिलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. चार घरं सोडून एक पोस्टमन राहायचे, त्यांच्याकडे. परत येऊन पत्र फळीवर ठेवलं. त्यात राग दाखवण्यासारखं काही नव्हतं. दाखवत नव्हतेच ते. शेजारच्या काकूंच्या मात्र लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "काय गं, घरात इंजिनेर असून पोस्टमनकडे?" मी म्हणाले, "माझी परीक्षा आहे ना." पुन्हा एक खोटं, पण तोवर मला सवय झाल्यासारखी झाली होती.

बाईंना जाऊन खरं सांगायचं, हे मी पहिल्याच रात्री ठरवलं होतं. ट्रक यायला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात सांगितलं असतं तर दादांची मुंबईची फेरी त्यांना परत मिळाली असती. हे मला स्पष्ट कळत होतं, म्हणून तर मी एकदा नाही, दोनदा कॉलेज सुटल्यावर बंगल्यापर्यंत गेले. पहिल्यांदा व्हरांड्यात पाहुणे दिसले. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं. फाटकाची कडी मी हातात धरली आणि सोडली. मनाशी म्हणाले, सबमिशन संपलं की निवांत येऊ, नीट बोलू. काय बोलायचं ते मी वहीत लिहूनसुद्धा काढलं होतं, मराठीतच. त्यात 'परिस्थिती' आणि 'न्यूनगंड' असे शब्द होते. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

ट्रक गुरुवारी आला. दादा आदल्या दिवशी म्हणाले होते, गाडी चढवून द्यायला जायचंय. मला तारीख माहीत होती. त्या सकाळी माझं प्रॅक्टिकल होतं, आणि मी प्रॅक्टिकलला गेले.

शुक्रवारी गेले बाईंकडे. हॉलमध्ये खोकी बांधलेली होती, भिंतीवरच्या तसबिरी काढलेल्या. बाईंनी मला स्टुलावर बसवलं. वहीतलं काहीच आठवलं नाही. मी सरळ सांगितलं. मला इंग्रजीत लिहिता आलं नाही म्हणून मी 'नो' लिहिलं. दादांनी सगळं खरं सांगितलं होतं, ट्रॉलीचं, साहेबांचं, तुम्ही बडोद्याला होतात तेही. मी त्यांना खोटं वाचून दाखवलं. आणि त्या दिवशी त्यांचं नाव सांगितलं.

बाईंनी शेजारच्या खोक्याची सुतळी ओढून घट्ट केली. मग म्हणाल्या, "बाळंतपणाला गेले होते तेव्हा. म्हणजे नातू सहा वर्षांचा झाला आता." जणू त्या मनात वर्ष मोजत होत्या. "आणि त्यांनी ते स्वतःच्या अंगावर का घेतलं?"

"माहीत नाही."

"माहीत आहे तुला."



"काल सकाळी ते साताला आले," बाई म्हणाल्या. "ट्रक नवाला येणार होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. गाडी पुसली, चालू केली, बंद केली. मग दोन तास फाटकापाशी उभे. मी वरच्या खिडकीतून बघत होते. मला कळत होतं कशासाठी उभे आहेत ते. मी एक शब्द बोलले असते तरी ट्रक रिकामा परत गेला असता. पण मी म्हटलं, नाही, ज्याने एवढी वर्षं माझ्यापासून लपवलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पदराने चष्मा पुसला. "शेवटी गाडी ट्रकवर त्यांनीच चढवली. तेवढीच चालवली. दहा-बारा फूट."

पांढऱ्या शर्टाचं मला माहीत नव्हतं. पेटीतून त्यांनी तो कधी काढला, इस्त्री कुठे केली, आईलाही कळलं नव्हतं.

"काल यायचं होतंस गं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्यांना उद्या पाठव माझ्याकडे. मला बोलायचंय त्यांच्याशी."

संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते, सायकलची चेन साफ करत. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, मी बाईंकडे गेले होते. सगळं सांगितलं."

त्यांनी चेनवरून फडकं फिरवणं थांबवलं नाही. "कधी?"

"आज. दुपारी."

"काय म्हणाल्या?"

"तुम्हाला उद्या बोलावलंय." मग मला उरलेलंही सांगावं लागलं. "म्हणाल्या, काल यायचं होतंस."

दादांनी चेन दातांवर बसवली, पायडल हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहिलं.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले, आणि हात धुवायला मोरीत गेले.